वीस बोटांवर भायखळा

आम्ही भायखळ्याच्या म्युझियमला, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमला, पहिल्यांदा गेलो तेव्हा ते बंद होतं. बुधवार होता, आणि बुधवारी ते बंद असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे, मी सोडून. दिवाळीची सुट्टी, दोन पोरं, पाठीवर एक फुगलेली सॅक, डोंबिवलीपासून सव्वा तासाची स्लो लोकल, वर स्टेशनपासून चालत, आणि समोर बंद गेट. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, उद्या या ना." किती सोप्पं. उद्या या! मला तिथेच फुटपाथवर बसून रडावंसं वाटत होतं खरं तर. मोठा तेव्हा आठ वर्षांचा, तो एकदम समजूतदारपणे म्हणाला, "ठीके ना आई, आपण भायखळा तर बघितलं." आणि धाकटी, तिला पाच पूर्ण व्हायला दोन-तीन महिने बाकी होते, ती खाली बसून बूटच काढायला लागली, कारण तिला परत जाताना पुन्हा स्टेशनं मोजायची होती.

बुटांचं कसं झालं ते सांगते. डोंबिवली सुटलं की कोपर एक, दिवा दोन, मुंब्रा तीन, कळवा चार, ठाणे पाच. झाला एक हात. मग मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी, झाला दुसरा हात. घाटकोपर आलं आणि बोटं संपली, आता काय करायचं, तर तिने सरळ एक बूट काढला, मोजा काढला आणि घाटकोपर अंगठ्यावर घेतलं. विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा. दादरला दुसरा बूट. मग परळ, करी रोड, चिंचपोकळी, आणि शेवटच्या करंगळीवर बरोब्बर भायखळा. वीस! मी इतकी वर्षं या लाइनवर लटकत नोकरी केली पण भायखळा विसावं स्टेशन आहे हे मला कधी कळलं नव्हतं. अर्थात चिंचपोकळी गेल्यावर एका पोरीचे दोन्ही मोजे आणि बूट परत चढवायचे आणि दारापाशी उभं राहायचं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. गाडी थांबते जेमतेम वीस-तीस सेकंद. उतरलो तेव्हा एक मोजा माझ्या दातात होता.

तर त्या दिवशी आम्ही म्युझियम न बघता परत आलो, भायखळ्याच्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून डबा खाल्ला (पोळीचे तूप-साखरेचे रोल, प्रवासात यापेक्षा शहाणा पदार्थ नाही, सांडत नाही, वास येत नाही, कुणी मागितला तर अर्धा तोडून देता येतो), येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघितल्या, फास्ट कुठली आणि स्लो कुठली ते ओळखलं आणि घरी. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं कसं होतं म्युझियम, तर दोघंही एकदम म्हणाले, मस्त!

यावर मी बरेच दिवस विचार करत होते. कारण याच्या आधीच्या वर्षी आम्ही जे मोठं म्युझियम बघितलं होतं, म्हणजे फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जे माझ्या सासूबाई अजूनही प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात, ते व्यवस्थित उघडं होतं, आम्ही व्यवस्थित आत गेलो होतो, आणि तरी ती ट्रिप म्हणजे एक आपत्ती होती. दोष म्युझियमचा अजिबात नाही हां. ती इमारतच बघत बसावी अशी आहे, जॉर्ज विटेटने बांधलेली, १९०५ मध्ये पायाभरणी झाली आणि लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडलं, मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे चक्क लष्करी हॉस्पिटल होतं. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून गेले होते. आणि तीच चूक झाली. आम्ही डोंबिवलीहून कॅब केली होती, पोरांचे हाल नकोत म्हणून. कॅबचं बिल बघून नवऱ्याचा चेहरा असा झाला की आता जे काही होईल ते वसूल करायचंच. आपल्याकडे ना हे वसूल प्रकरण फार खोल गेलेलं आहे. बुफेला गेलो की वसूल, रिसॉर्टला गेलो की स्विमिंग पूलमध्ये पोरं निळी पडेपर्यंत वसूल. तर आम्ही म्युझियम वसूल करायला घेतलं. प्रत्येक दालन, प्रत्येक मजला, प्रत्येक कपाट. "हे बघ हे बघ, हे किती जुनं आहे माहितीये का!" प्राणी-पक्ष्यांच्या दालनापर्यंत पोरं खूश होती, तिथेच थांबायला हवं होतं. त्यापुढे दीड तासाने धाकटी एका मूर्तीसमोर जमिनीवर आडवी झाली, मोठ्याला शू लागली, टॉयलेट दोन मजले खाली, आणि आम्ही दोघं एकमेकांशी त्या विशिष्ट हळू आवाजात भांडत होतो ज्या आवाजात नवरा-बायको फक्त सार्वजनिक ठिकाणी भांडतात. परत येताना ट्रॅफिकमध्ये दोन तास. मोठ्याला गाडी लागली.

म्हणून मग लोकल. मला कुठलं तत्त्वज्ञान वगैरे सुचलं नव्हतं, स्वस्त पडेल इतकंच डोक्यात होतं. पण त्या बंद गेटच्या दिवशी लक्षात आलं की पाच वर्षांच्या आतल्या पोराला रेल्वेत तिकीटच नाही, पाच ते बाराला अर्धं, माझं एक पूर्ण, म्हणजे सगळा मिळून खर्च इतका किरकोळ की वसूल करायला काही उरतच नाही. बंद तर बंद. पुन्हा येऊ. हे "पुन्हा येऊ" कॅबने येणाऱ्याच्या तोंडून निघत नाही.

आणि आम्ही खरंच पुन्हा गेलो. आत्तापर्यंत चारदा गेलोय, तो बुधवार धरला तर पाचदा.

लोकलचं काही गणित मात्र बसवावं लागतं, ते न बसवता लहान पोरांना घेऊन कुणी निघू नये. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडायची, फास्टच्या मोहात पडायचं नाही. फास्टने पंधरा-वीस मिनिटं वाचतात पण ती गाडी मागून भरून येते आणि आत शिरल्यावर पोरगी माणसांच्या कमरेच्या उंचीवर, तिला फक्त पर्सा आणि पोटं दिसतात. डोंबिवली लोकलला खिडकी मिळते. शनिवारी साडेदहानंतर निघायचं. रविवारी नाही, रुळांच्या दुरुस्तीच्या मेगाब्लॉकमध्ये तुम्ही कुठे अडकाल ते सांगता येत नाही. तीन-साडेतीनच्या आत परतीची गाडी पकडायची, त्यानंतर ऑफिसं सुटायला लागतात, शनिवार असला तरी. स्ट्रोलर विसरून जा, पूल चढताना ती घडी करून काखेत घ्यावी लागते आणि पोर दुसऱ्या काखेत. मी दोघांच्या मनगटावर बॉलपेनने माझा फोन नंबर लिहिते, आता मोठ्याला लाज वाटते त्याची, तो बाही खाली ओढतो, पण पुसत नाही. शू घरून निघताना, मग उतरल्यावर, मग म्युझियमला पोचल्या पोचल्या, लागली असो वा नसो. आणि चढताना क्रम: धाकटी माझ्या कडेवर, मोठा माझ्या पुढे, त्याच्या सॅकचं हँडल माझ्या मुठीत. तो म्हणतो मी त्याला कुत्र्यासारखं धरते. धरते तर धरते.

लेडीज डब्यात बसलं की अर्धं काम डबाच करतो. कुणीतरी सरकून जागा देतं, कुणीतरी बोर देतं, अनाउन्समेंट तीन भाषांत होते आणि धाकटी तिन्ही भाषांत तिची नक्कल करते, बाईंच्या त्या गोड सुरासकट. क्लिपा विकणारी येते, ती कड्यांचा मोठा गोल पोरांच्या डोळ्यांसमोर फिरवते. दर वेळी आपण काहीही घेणार नाही असं आधी ठरतं, दर वेळी दहा-वीस रुपयांचं काहीतरी घेतलं जातं.

मोठ्याचं वेगळंच. त्याला गोष्ट लागते. म्हणून मी त्याला सांगितलं की आपण ज्या रुळांवरून जातोय ना, ठाण्यापासून पुढचे, तिथूनच देशातली पहिली पॅसेंजर गाडी धावली, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे आणि तीन इंजिनं. इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. नावं ऐकून तो इतका खूश झाला की पुढचे तीन महिने घरातल्या तीन सायकलींची तीच नावं होती. मग त्याने विचारलं, पण गाडी आणली कोणी, इंग्रजांनी? मी म्हटलं हो, पण त्यांच्याबरोबर आपल्याकडचेही लोक होते, त्यातले एक नाना शंकरशेट. रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत ते होते. आणि गंमत अशी की आपण ज्या म्युझियमला चाललोय ना, ते उभं राहावं म्हणून धडपडणाऱ्यांतही तेच नाना होते, डॉ. भाऊ दाजी लाडांबरोबर. हे मला स्वतःलाच त्या आठवड्यात कळलेलं, पण मी असं सांगितलं जणू काही लहानपणापासून माहीत आहे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी आधी गाडी आणली आणि मग जायला जागा केली."

मी यावर काही बोलले नाही. एवढं नीट मला जन्मात सुचलं नसतं.

नानांनी ते म्युझियम उघडलेलं बघितलं नाही. ते १८६५ मध्ये गेले आणि म्युझियम उघडलं १८७२ ला. नाव तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, भाऊ दाजींचं नाव द्यायला १९७५ साल उजाडावं लागलं. हे भाऊ दाजी म्हणजे मूळ डॉक्टर, पण नाणी, शिलालेख, जुन्या पोथ्या असल्या सगळ्याचा जबरदस्त नाद. आमच्या घरी नाद हा शब्द फक्त वाईट अर्थाने वापरला जातो, "कसला नाद लागलाय तुला" वगैरे, त्यामुळे मुलांना एका माणसाला नाद होता आणि म्हणून त्याचं नाव बिल्डिंगला दिलं हे जरा धक्कादायक वाटलं.

भायखळा स्टेशन हेही थांबून बघण्यासारखं आहे बरं का. तिथली दगडी इमारत १८५७ ची, आणि ती हल्लीच इतकी सुंदर दुरुस्त केलीये की २०२२ मध्ये तिला युनेस्कोचं आशिया-पॅसिफिक वारसा पारितोषिक मिळालं. पण गर्दीत ती दिसत नाही, म्हणजे दिसते पण आपण बघत नाही. पूर्वेला बाहेर पडायचं, मग राणीच्या बागेपर्यंत, म्हणजे प्राणिसंग्रहालयापर्यंत (म्युझियम त्याला लागूनच), चालत दहा मिनिटं. पोरांबरोबर वीस, कारण मध्ये एक मांजर असतं, एक पंक्चरवाला असतो, आणि उसाचं गुऱ्हाळ असेल तर तिथे घुंगरांसाठी थांबावं लागतं.

आत गेल्यावर जे झालं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. बाहेरून ती इमारत तशी गंभीर आहे, आणि आत शिरलं की एकदम पिस्ता रंग आणि सोनेरी नक्षी, लोखंडाचे नाजूक खांब, उंच छत. मी वर बघत "अहाहा" करतेय आणि पोरं खाली बघतायत. फरशी! फरशीवरची नक्षी. धाकटीने ठरवलं की फक्त एकाच रंगावर पाय द्यायचा. अर्धा तास आम्ही फरशी बघितली. मला आतून वसूलचा झटका येत होता, अगं वर बघ ना, इतकं सोनं लावलंय वर, पण मी गप्प बसले, आणि मग काही करायला नाही म्हणून मीसुद्धा फरशी बघायला लागले, आणि खरंच फार सुंदर आहे हो ती फरशी. आयुष्यात कधी फरशी अशी बघितली नव्हती मी, पुसली भरपूर आहे.

मध्यभागी अल्बर्टचा भलामोठा पांढरा पुतळा आहे, राणी व्हिक्टोरियाचा नवरा. धाकटीने विचारलं हा कोण, मी म्हटलं राणीचा नवरा. "मग राजा?" नाही, राजा नाही. "राणीचा नवरा पण राजा नाही?" नाही. ती विचारात पडली. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा मागे वळून त्याच्याकडे बघितलं तिने, मला वाटतं कीव येऊन.

वर मातीची छोटी छोटी माणसं आहेत. काचेच्या कपाटांत, वीतभर उंचीची, कुणी पगडी घातलेला, कुणी फेटा, कुणी काम करतोय, कुणी नुसता उभा. जुन्या मुंबईतले वेगवेगळे लोक, त्यांचे कपडे, त्यांचे धंदे. जहाजांची मॉडेल्स आहेत, नकाशे आहेत. मला ती माणसं बघून फार मजा आली, पोरं मात्र दोन मिनिटांत पुढे. मी म्हटलं अरे बघा ना नीट. धाकटी म्हणाली, "दिसत नाही." कसं दिसत नाही? म्हणून मी तिच्या शेजारी उकिडवी बसले, गुडघे कटकन वाजले, आणि बघितलं तर खरंच दिसत नव्हतं. तिच्या उंचीवरून काचेत दिव्याचं प्रतिबिंब पडत होतं आणि त्यात आमचे दोघींचे चेहरे. माणसांचे फार तर पाय दिसत होते. म्हणजे आत्तापर्यंत मी जेवढ्या म्युझियममध्ये तिला "बघ बघ" म्हणत ओढून नेलं होतं तिथे ती बिचारी स्वतःचंच तोंड बघत होती! आता मी प्रत्येक ठिकाणी एकदा तरी उकिडवी बसते. लोक वळून बघतात. आणि जे बघण्यासारखं असतं तिथे तिला उचलते, पण उचलायची म्हणजे पंधरा-सोळा किलो, त्यामुळे आपोआप निवड होते, दहा कपाटांतली दोनच. ही निवडीची पद्धत मी कुणालाही बिनदिक्कत सुचवेन. जी वस्तू दाखवायला तुम्ही पंधरा किलो उचलायला तयार आहात तेवढीच दाखवा.

आम्ही त्या दिवशी पाऊण तासात बाहेर पडलो. पाऊण तास! आणि कुणीही रडलं नव्हतं, मी धरून.

बाहेर आवारात दगडी हत्ती आहे. आमच्या घरातला सगळ्यात लाडका पुरावस्तू तोच, त्याला "पुरावस्तू" म्हणणं मोठ्याने सुरू केलं, तोही नेहमी पुल्लिंगी. हा हत्ती मूळ घारापुरीचा. पोर्तुगीजांना बेटावर उतरल्यावर हा दिसला म्हणून त्यांनी त्या बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं, म्हणजे आज सगळं जग ज्या नावाने ती लेणी ओळखतं ते नाव याचं, आणि हा स्वतः मात्र तिथे नाही, भायखळ्याला उभा आहे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आले, आणि १९१४ मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. मोठ्याने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्याला फार राग आला, "त्यांचा हत्ती नव्हता तर उचलला कशाला?" धाकटीला राग-बिग काही नाही, तिला जोड शोधायचे होते. हत्तीभोवती फिरून फिरून तिने त्याच्या अंगावरच्या सगळ्या रेघा मोजल्या. तिच्या एका हातावर टाक्यांची खूण आहे, कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली होती तेव्हाची. ती हात पुढे करून हत्तीला दाखवत होती. मी फोटो काढायला गेले आणि फोन बॅगेत सापडेपर्यंत ते संपलं होतं.

तिसऱ्या वेळी सासूबाई आमच्याबरोबर आल्या. मला जरा धाकधूक होती, पूल, जिने, गर्दी, त्यांचे गुडघे. मी म्हटलं, "आई, रिक्षा-टॅक्सी करूया का दादरपासून?" तर म्हणाल्या, "अगं मी परळची आहे, मला भायखळ्याला टॅक्सीने नेतेस?" त्या परळला चाळीत वाढल्या. गाडीत बसल्यापासून त्यांचं सुरू झालं ते थांबलंच नाही. या रस्त्यावरून ट्राम जायची, घंटा वाजवत. मुंबईची ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला, तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या, शेवटची गाडी बोरीबंदर ते दादर गेली, म्हणजे त्यांच्या घराजवळूनच. मोठ्याने विचारलं ट्राम म्हणजे रस्त्यावरची लोकल का? त्या म्हणाल्या हो, पण उगाच घाई नसलेली.

म्युझियममध्ये शिरल्यावर त्या दारातच थबकल्या. "हे असं नव्हतं." त्यांच्या आठवणीतलं म्युझियम म्हणजे अंधार, धूळ, पिवळे दिवे. ते बरोबरच होतं, २००३ ते २००८ अशी पाच वर्षं त्याची दुरुस्ती चालली, त्यात हा सगळा पिस्ता आणि सोनं पुन्हा वर आलं. आणि मग आम्ही मागच्या बाजूला काळा घोडा बघायला गेलो. हो, काळा घोडा. फोर्टात ज्या जागेला काळा घोडा म्हणतात तिथला मूळ घोडा इथे आहे, पाठीवर सातवा एडवर्ड बसलेला, म्हणजे पुतळा केला तेव्हा तो अजून युवराज होता. १८७९ चा पुतळा, १९६५ मध्ये तिथून हलवला. मधली पन्नासेक वर्षं त्या जागी घोडा नव्हता तरी नाव काळा घोडाच, बसचे कंडक्टर, टॅक्सीवाले, सगळे काळा घोडाच म्हणायचे. २०१७ मध्ये तिथे नवीन घोडा बसवला, पण त्याच्या पाठीवर कुणी नाही.

सासूबाई घोड्याकडे बघत बराच वेळ उभ्या होत्या. मग नातवंडांना म्हणाल्या, "याला मी त्याच्या घरी बघितलंय." त्यांचे वडील त्यांना फोर्टात घेऊन गेले होते एकदा, ट्रामने, आणि या घोड्याखाली उभं करून म्हणाले होते हरवलीस तर इथे येऊन थांबायचं. पोरांना हे अद्भुत वाटलं. म्हणजे आजी लहान होती, हे त्यांना माहीत होतं, पण आजी हरवू शकत होती हे नवीनच. धाकटीने लगेच विचारलं, "मग घोडा इकडे आणल्यावर तू हरवली असतीस तर कुठे थांबली असतीस?" सासूबाई म्हणाल्या, "तोपर्यंत मला घर सापडायला लागलं होतं गं."

मी चार वेळा गेले, जमल्या तेवढ्या पाट्या वाचल्या, आणि त्या घोड्याबद्दलची ही एक गोष्ट मला कुठल्याच पाटीवर मिळाली नसती. गंमत म्हणजे माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांनी कधी सांगितलीही नव्हती, घोडा समोर आला म्हणून निघाली.

पेंग्विनचं मात्र कबूल करायला हवं. म्युझियम राणीच्या बागेला लागून, आणि बागेत पेंग्विन, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणलेले. पोरांना शेजारी पेंग्विन आहेत हे कळल्यापासून माझी मातीची माणसं, जहाजं, नाना शंकरशेट, सगळं हरलं. एकदा मी हट्टाने फक्त म्युझियम असं ठरवलं होतं आणि बागेच्या बाहेर अर्धा तास युद्ध झालं, रस्त्यातले लोक बघत होते, एका काकूंनी तर मलाच ऐकवलं, "दाखव ना गं बाई, पक्षीच तर आहेत." पुढच्या वेळी मी शरण गेले. आम्ही फक्त पेंग्विन बघितले, म्युझियममध्ये पायसुद्धा ठेवला नाही. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण पेंग्विन पोहताना काचेपाशी येतात तेव्हा... असो, मलाही आवडले.

चौथ्या वेळेपर्यंत धाकटी पाच वर्षांची झाली होती. म्हणजे आता तिला तिकीट! हे तिला वाढदिवसाच्या केकपेक्षा मोठं वाटत होतं. मी नेहमीप्रमाणे मोबाईलवर तिकीट काढायला लागले तर तिचा चेहरा पडला. कागद पाहिजे. म्हणून आम्ही खिडकीच्या रांगेत उभं राहिलो, मागच्या लोकांची चुळबुळ सुरू, आणि मी खिडकीतल्या काकांना सांगितलं की हिचं अर्धं वेगळं काढून द्याल का, एकाच कागदावर नको. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, खाली तिचं फक्त कपाळ दिसत असणार, आणि दिलं. ते तिकीट तिने सव्वा तास मुठीत धरलं, त्याचा लगदा झाला. टीसी आले तर दाखवायचं म्हणून. टीसी आलेच नाहीत. टीसी येत नाहीत म्हणून हिरमुसलेलं माणूस मी मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना दुपारची गाडी, सीएसएमटीहून येतानाच बऱ्यापैकी भरलेली पण लेडीजमध्ये आम्हाला दादरला जागा झाली. मोठा माझ्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होता. धाकटी खिडकीत, पायात बूट नाहीत, वीसपासून उलटी मोजणी चालू. कुर्ल्याला ती नेहमीची क्लिपवाली चढली. नेहमीची म्हणजे, आम्हाला ती दुसऱ्यांदा भेटत होती, पण धाकटीच्या हिशोबात ती आता ओळखीची. तिने विचारलं कुठे गेलतीस गं बाय? झालं, धाकटी सुरू. हत्ती, मोठ्ठा, दगडाचा, त्याला बोटीत घालून नेत होते, उचलला आणि धप्पकन पडला, त्याचे तुकडे तुकडे झाले, मग परत जोडला, मी सगळे जोड बघितले, माझ्या हातालापण आहे बघा. क्लिपवाली टोपली मांडीवर घेऊन खाली टेकली. तिने धाकटीचा हात हातात घेऊन टाक्यांची खूण नीट बघितली, अगदी डॉक्टरसारखी.

"आणि हत्ती कोनी जोडला मग?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी मोठ्याकडे बघितलं. तो आता पूर्ण जागा झाला होता.

"पाटीवर असेल," तो म्हणाला.

"तू वाचली नाहीस?" धाकटी मला म्हणाली.

घाटकोपर आलं, क्लिपवाली उठली, टोपली डोक्यावर घेत म्हणाली, पुढल्या टायमाला बघून या, मला सांगा. आणि पुढच्या डब्यात गेली. धाकटीने उरलेली बोटं मोजली, दहा.